माझ्याशिवाय सगळ्यांना परवानगी

फॉर्म पूर्ण भरायचा, एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, ही अप्पांची शिकवण. लिहिण्यासारखं काही नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहायचं. जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाची मी मुलगी. त्यामुळे ऑफिसचा वार्षिक फॉर्म आला तेव्हा ‘नोकरीबाहेर आपण तयार केलेले सॉफ्टवेअर’ या रकान्यापाशी मी अडखळलेसुद्धा नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी तो मोकळा सोडला. मी खरं ते सविस्तर लिहिलं, लिंकसकट. एवढा शहाणपणा करायला मला कुणी सांगितलं होतं, हे मी अजून स्वतःला विचारते.

त्या रकान्यात मी लिहिला तो प्रोग्राम अप्पांसाठी केलेला होता. त्यांना डोळ्यांसमोरचं मधलं दिसेनासं झालं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. ते तरी टिकावं म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. पेपर वाचणं मात्र बंद झालं, आणि पेपर न वाचलेले अप्पा घरात फार जड जात. आमच्या चामराजपेटेत, कानडी मुलखात, मराठी पेपर दारात येऊन पडत नाही; आम्ही त्याची पानं कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. ती पानं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम मी शनिवार-रविवारी बसून लिहिला आणि ओपन सोर्स करून टाकला. म्हणजे कोड सगळ्या जगासमोर ठेवला. कुणीही घ्या, वापरा, बदला, फक्त मूळ नावं आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या. चार-पाच अनोळखी माणसांनी त्यात भरही घातली. अप्पा सकाळी कॉफी घेऊन अख्खा पेपर ऐकायला लागले, अग्रलेखाशी भांडायला लागले. त्या दिवसांत मी खूश होते.

फॉर्म दिल्यावर महिन्याभरात हेब्बाळच्या ऑफिसात कंपनीच्या वकीलबाईंनी बोलावलं. पुण्याहून नुकत्याच आलेल्या, माझ्याहून लहान. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी आधी चांगलं थालीपीठ कुठे मिळतं ते विचारलं आणि मग मुद्द्यावर आल्या.

“अगं, तुझ्या ऑफर लेटरमध्ये क्लॉज आहे ना. नोकरीत असताना तू जे काही क्रिएट करशील ते कंपनीचं. आणि तू तर ते पब्लिकला देऊन टाकलंयस.”

“मी घरी केलं. माझ्या लॅपटॉपवर. वडिलांसाठी.”

“मला कळतंय गं. पण क्लॉजमध्ये वडील नाहीयेत.”

प्रोग्राम कंपनीचा म्हणावा तर त्यात परक्यांचं काम मिसळलेलं, ते कंपनीला घेता येईना. माझा म्हणावा तर उद्या प्रत्येक जण तोच हक्क सांगेल. त्यातच एका परदेशी ग्राहकाला ‘आमच्या कोडवर इतर कुणाचा दावा नाही’ असं लिहून द्यायचं होतं. म्हणून ठरलं, की निर्णय होईपर्यंत मी त्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. दुरुस्ती नाही, कुणाला उत्तर नाही, दुसऱ्याकडे सोपवणंही नाही. घरच्या कॉपीतसुद्धा बदल करायचा नाही. दर तीन महिन्यांनी तसं सहीनिशी लिहून द्यायचं. निर्णय कधी होणार विचारलं तर “लीगल आहे, टाइम लागतो.”

नोकरी सोडावी असं रोज वाटे. पण अप्पांचा कारखाना बंद पडला तेव्हा निवृत्तांच्या औषधपाण्याची सोयही गेली होती. त्यांची इंजेक्शनं माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून चालत, आणि त्या वयाला, त्या डोळ्यांना दुसरी कुठली पॉलिसी मिळेना. मी चौकशी करून थकले होते. अप्पांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते “डोळे गेले खड्ड्यात, नोकरी सोड” म्हणाले असते आणि त्याच दिवसापासून इंजेक्शन बंद केलं असतं. मी त्यांना ओळखते.

आणि नेमका पेपरने पानांचा तोंडवळा बदलला. बातम्यांचे स्तंभ जवळजवळ आले आणि माझा प्रोग्राम शेजारच्या दोन बातम्या एकात एक घालून वाचू लागला. “नव्या मंत्र्यांनी शपथ घेतली आणि दुपारी चार वाजता त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.” पहिल्या दिवशी अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “स्वल्प बघ ना गं,” म्हणाले.

“सरी अप्पा,” मी घरात रुळलेल्या कानडीत ‘बरं’ म्हटलं, “रविवारी बघते.”

कुठे चुकतंय ते मला माहीत होतं. एका ओळीत एक आकडा बदलायचा होता. जगातल्या कुणालाही तो बदलायची मोकळीक होती, ती मीच दिली होती, आणि मला एकटीला नव्हती. घरात गुपचूप बदलला असता तर कुणाला कळलं असतं? पण तीन महिन्यांनी कागदावर खोटी सही करणं माझ्याच्याने झालं नसतं. असे किती रविवार गेले. पुढे अप्पांनी विचारणं सोडलं. समोरच्या अक्कांना ते सांगत होते, “तिला वेळ नसतो हो.” मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं.

शेवटी एका अनोळखी माणसाने माझ्या कोडची वेगळी प्रत काढली आणि दुरुस्ती करून ती सगळ्यांसाठी ठेवली. सोबत लिहिलं होतं, ‘मूळ लेखिका बरेच महिने उत्तर देत नाहीत, त्या बऱ्या असाव्यात ही इच्छा.’ मी वकीलबाईंना विचारलं. “युजर म्हणून वापर की, त्याला काय,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी ती प्रत चढवली. पहिलं पान सुरू झालं. मंत्री मंत्र्यांच्या जागी, वारलेले आपल्या जागी. अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

“काय केलंस?”

त्या माणसाचं नाव सांगायला हवं होतं. ज्याचं काम त्याचं नाव, एवढंच तर मी जगाकडे मागितलं होतं. पण नाव सांगितलं असतं तर ‘मग तू का नाही केलंस’ आलं असतं, आणि त्यामागून सगळंच. मी त्याची पद्धत माझी म्हणून समजावून सांगितली. आधी मथळे शोधायचे, मग प्रत्येक मथळ्याखालचे स्तंभ वेगळे करायचे. माझ्या त्या एका आकड्यापेक्षा ती कितीतरी चांगली होती. सांगताना मला लाज वाटत होती.

अप्पांनी लक्ष देऊन ऐकलं. “इतकं साधं होतं,” ते म्हणाले, “मग एवढे महिने का लावलेस?”

“राहून गेलं, अप्पा.”

“सरी,” ते म्हणाले, आणि मला पुढचं पान लावायला सांगितलं.