शकीलभाईंनी न केलेली सही

गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षी महागावाकडच्या एका तांड्यावरच्या फवारणीच्या बॅटरीपंपांनीही चार महिन्यांत माना टाकल्या. कंपनीच्या माणसानं खुशाल बोट दाखवलं ते पंप दुरुस्त करणाऱ्या शकील मिस्त्रीकडे. म्हणे, यानंच सीलबंद बॅटऱ्या उघडून बिघडवल्या! तसं त्यानं लिहून द्यावं, म्हणजे कंपनीच्या नावाला बट्टा न लागता सगळ्यांना नव्या बॅटऱ्या मिळतील.

गिऱ्हाइकांचा जीव त्या नव्या बॅटऱ्यांत अडकला. सगळ्यांत पुढे देवसिंग. "शकीलभाई, एक सही तं हाय. काहून अडून राह्यले?"

"जे केलंच नाई, थे लिहून देऊ?" शकील उसळला. "दुकान बंद करीन, पन सही नाई करनार."

फरहा ही त्याची थोरली. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती प्रयोगशाळा सांभाळायची. तिथल्या संगणकावर बॅटरीचं चार महिन्यांचं आयुष्य तासाभरात चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. तिनं आकडे भरले. फवारताना पंप क्षणात वीज ओढतो, क्षणात थांबतो, ते झटकेही भरले. रोज एकदा पूर्ण चार्ज. बॅटरी ठणठणीत! पुन्हा चालवलं, पुन्हा ठणठणीत. अब्बांनी खरंच उघडल्या असतील? हा विचार आपल्याला शिवलाच कसा, म्हणून तिला स्वतःचीच चीड आली.

रविवारी ती तडक तांड्यावर गेली. गेलेली लाईन नुकतीच आली होती आणि देवसिंगची बायको हंसाबाई हिच्या ओट्यावर घराघरातले पंप रांगेनं मांडले होते. धड चालणारा बोर्ड तेवढा तिच्याकडेच. पंधरा मिनिटं झाली की ती एकाची पिन उपटून दुसऱ्याची खोचायची. रांग संपली की पुन्हा पहिला.

"काकी, एकेक पंप पुरा चार्ज काहून नाई करत?"

"वा गं वा! एकाचा भरला आन् लाईन गेली, तं बाकीच्यायनं काय करावं? तांड्यात सगळ्यायले सारखंच भेटते."

फरहाला तिथल्या तिथे हंसाबाईला मिठी मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं ती रांग जशीच्या तशी संगणकात भरली. थोडं चार्ज, खंड, परत थोडं चार्ज, मग फवारणीचे झटके. बॅटरी पूर्ण अशी कधी भरतच नव्हती, आणि सतत अर्धवट भरलेली शिशाची बॅटरी आतून खराब होत जाते. पडद्यावरची रेघ रोज थोडी थोडी खचत गेली आणि सतराव्या आठवड्यात बॅटरी मेली. देवसिंगचा पंपही सतराव्याच आठवड्यात बंद पडला होता.

कंपनीचा माणूस सहीसाठी परत आला, तेव्हा तिनं ती रेघ सगळ्यांदेखत त्याच्यापुढे ठेवली.

"हा कॉम्प्युटरचा खेळ झाला, ताई," तो हसला.

"मग खेळूच या. नवी सीलबंद बॅटरी आणा. सील तुमचं, कुलूप तुमचं. हंसाबाईंच्या रांगेत लावा. अब्बा हातसुद्धा लावणार नाहीत. सतरा आठवडे टिकली, तर सही मी स्वतः करते."

त्याचं हसू मावळलं. वरून तशी परवानगी नाही, असं काहीबाही पुटपुटत त्यानं कागद बॅगेत कोंबला आणि गाडीला किक मारली. नव्या बॅटऱ्याही त्याच्याबरोबरच गेल्या, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

देवसिंगनं आपला मेलेला पंप उचलून शकीलपुढे ठेवला.

"शकीलभाई," तो मान खाली घालून म्हणाला, "आता तुमीच खोला."