ज्ञानोबाच्या फॉर्मवर मी लिहिलेला शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता लपवण्याचाही कंटाळा आलाय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या कारखान्याच्या ऑफिसर क्लबात बिलियर्ड्सचं एक टेबल होतं, आणि मी क्लबाचा सेक्रेटरी. खेळातही मीच पहिला — म्हणजे, ज्ञानोबा येईपर्यंत.

ज्ञानोबा चऱ्होलीच्या शेतकऱ्याच्या घरचा, आमच्याकडे फिटर. टेबल एका बाजूला कललं म्हणून पाणसळ घेऊन आला होता. काम झाल्यावर मॅनेजरनी गमतीनं त्याच्या हातात क्यू, म्हणजे खेळायची काठी, दिला. त्या हातात काय होतं, देव जाणे. मॅनेजरनी त्याला दर रविवारी खेळायची मुभा दिली, आणि वर्षाच्या आत तो मला हरवू लागला. वर म्हणायचा, "आज तुमचा हात जरा जड व्हता, सायेब." त्याचं ते समजूत घालणं मला हरण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर खेळाच्या राष्ट्रीय संस्थेचं सभासदत्व लागे, तेही दरवर्षी नव्यानं. मॅनेजर म्हणाले, दोघांचेही फॉर्म पाठवा. ज्ञानोबाला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं खाली सही केली, बाकीचं मी भरलं. त्यात एक रकाना होता — खेळाडू हौशी की पगारी? क्लबात टेबल राखायचा पगार घेणाऱ्याला संस्था हौशी मानत नसे, आणि सभासदत्व मिळे ते हौशींनाच. ज्ञानोबाला पगार मिळे तो कारखान्यातल्या कामाचा. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं — पगारी.

नकार आला. मॅनेजरची तोवर बदली झाली होती. विचारणारं कुणी नव्हतं. मी त्याला म्हटलं, "नियमात बसत नाही, ज्ञानोबा."

"व्हय, नियम म्हंजी नियम," तो म्हणाला. आणि माझ्या क्यूच्या टोकाला नवं चामडं बसवून दिलं, कारण स्पर्धेला मी जाणार होतो. पहिल्याच फेरीत हरून परत आलो.

एकदाच घडलं असतं तर — पण फॉर्म दरवर्षी यायचा. दरवर्षी तो विचारायचा, "यंदा बदलला का नियम?" एका ओळीचं पत्र लिहून मला ते दुरुस्त करता आलं असतं. तीन वर्षं मी "नाही" म्हणालो. चौथ्या वर्षी त्यानं विचारलं नाही. रविवारचं येणंही थांबलं. मला सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगायलाच हवं, नाही का?

गेल्या महिन्यात तो वारल्याचं कळलं. चऱ्होलीला गेलो. त्याच्या बायकोनं ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. म्हणाली, "ते कायम सांगायचे — सायबांनी माझ्यापायी लई खटपट केली, पर नियमच आडवा आला."

तिला मी तिथंच सांगू शकलो असतो. दुसरं कुणीच नव्हतं.

मी म्हणालो, "हो, केली खरी."