सुनेच्या हाती खडू

मी गावातल्या एका सासूला वाचायला शिकवण्यासाठी तिच्याच सुनेला नेमलं. मुद्दाम, विचार करून नेमलं.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर एरंडोलजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो होतो. बायकांचा साक्षरता वर्ग दुपारी शाळेच्या ओट्यावर भरायचा. तो घ्यायला कोणी नव्हतं, आणि घरात माझं ऐकायला कोणी नव्हतं, जमून गेलं. तशी माझी लायकी मोठी. धुळ्याला देवपुरात शिक्षकांच्या शिबिरात मी वर्गातील संवाद या विषयावर बोललेलो आहे. संपवल्यावर टाळ्याही पडल्या. जेवणाची वेळ झाली होती, हे खरं.

वर्गात साठीच्या एक अक्का होत्या. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच कारण सांगितलं. मुलगी सुरतेला दिलेली. तिकडचं बरं-वाईट ती मोबाइलवर लिहून पाठवते, आणि ते सून वाचून दाखवते. आईच्या आधी भावजयीला कळतं, म्हणून मुलगी हल्ली मोजकंच लिहिते. अक्कांना ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. मी मान हलवली. डोक्यात शिरलं ते एवढंच, की सून दहावी शिकलेली आहे.

आठवडाभरात तिला मी मदतनीस म्हणून वर्गात आणली. घरातच शिकवणारी, याहून सोयीचं काय. ती नको म्हणत होती. तो मला संकोच वाटला, आणि संकोच कसा घालवावा हे तर मी देवपुरात सांगून आलो होतो.

अक्कांनी फळ्यावर मुलीचं नाव लिहिलं. मधलं अक्षर राहिलं. शेजारी सून पदर ओढून खाली बघत उभी. काय राहिलं, मी तिला विचारलं. पुन्हा विचारलं. मग जरा दरडावलं, तेव्हा तिनं खडू घेतला आणि सासूचं राहिलेलं अक्षर भरलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आते सून सासूले शिकाडस."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. वर्ग कसा बोलका झाला, असं मनाशी म्हणालोसुद्धा. अक्कांनी पदराला हात पुसले, चपला शोधल्या आणि त्या निघून गेल्या.

पुन्हा आल्या नाहीत. सूनही आली नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाट पाहिली, काही वाटलं नाही. जेवून ओट्यावर जायचो, बाराखडी घ्यायचो, परत यायचो. कापूस वेचणी लागली तशा बाकीच्याही एकेक गळाल्या. मग नुसताच जायचो.

शेवटी अक्कांच्या घरी गेलो. सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. अक्का दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं सांगत होत्या. सुनेकडून वाचून घेणं त्यांनी बंद केलंय. मुलीलाही कळवलंय, लिहू नको. आता ती बोलूनच पाठवते. अक्कांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्यानं लावावा लागतो, आणि बठ्ठं घर ऐकतं, सुनेसकट सगळं. मुलगी रोज एकच सांगते, मी मजेत शे.

मी म्हटलं, अक्का, मी रोज इथेच येऊन शिकवतो. तेवढा वेळ सुनेला कुठंतरी बाहेर पाठवू.

अक्कांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"चहा पी ल्या आन् जा, मास्तर. दुसरं काही करू नका."