मांडवाच्या खांबावर सूर

माझ्या साळीच्या लग्नाचा मांडव मी पाडला, पण तो शारीरिक शिक्षणाचा तास होता.

मानोऱ्याजवळच्या शाळेत मी खेळाचा मास्तर. माझीच पोरगी आरू सातवीत. सोमवारी खो-खोच्या संघाची निवड होती आणि आमच्या बाईसाहेब पळायला वारा, पण खांबावर सूर मारायची, म्हणजे खांब धरून पळत्या गड्यावर झेपावायची वेळ आली की जागीच उभ्या! मास्तरची पोरगीच संघात नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? लग्नासाठी किन्हीराजाला सासुरवाडीत आलो, तरी डोक्यात तेच.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव उभा राहिला. खांब पाहिला आणि माझे हात शिवशिवले.

"आरू, ये इकडं! कौशल्य सांगून येत नाही, करून दाखवा लागते!" (हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. खुर्चीवर बसून.)

सासरे हात जोडत आले. "जावईबापू, खांब आत्ताच गाडला जी. माती ओली हाय."

"मामाजी, तुमी फक्त पाहा!"

आता जावयाला नाही कोण म्हणणार? आमच्याकडं जावई विहिरीत उडी मारतो म्हणाला, तर लोक आधी टॉवेल आणून देतील! सासऱ्यांनी आचाऱ्याची कढई तेवढी बाजूला घ्यायला लावली.

साळा विनोद पुढं पळाला. मी मागून धावत आलो, एका हातानं खांब धरला आणि देह झोकून दिला. नव्वद किलोंचा! खांब माझ्यासोबत आला. त्याच्यामागं दोर, दोरामागं दुसरा खांब, आणि मग अख्खा मांडव हळदीच्या बायांवर!

"अवं माय वो!" कापडाखालून बायकोचा आवाज आला. "यायनंच पाडला असंन!"

सासऱ्यांनी मला बाहेर ओढलं. "लागलं तं नाही न जावईबापू? चहा मांडू?"

आरू पोट धरून हसत होती. "बाबा, तुमी खांबाकडं पाहून राह्यले होते. गड्याकडं पाहा लागते न!"

तिनं विनोदमामाला कडुनिंबाभोवती पळवलं, एका हातानं खोड धरलं आणि अशी झेपावली की मामाची पाठ बरोबर सापडली! सगळे मांडव विसरून टाळ्या पिटायला लागले.

"भेव नाही वाटलं?" मी विचारलं.

"तुमी एवढे पडले, तरी चहा भेटला. मले कायचं भेव?"

हळदीनं पिवळा झालेला मी तिला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचलो. पोरगी माझी होती हो! सोमवारी तिची निवड झाली, तीही सगळ्यांत आधी.

तेव्हापासून शाळेत काहीही नवं शिकवायचं असलं, की मी आधी स्वतः करून दाखवतो. पोरं लगेच शिकतात.

"समजलं सर," म्हणतात, "असं नाही करा लागत!"