जांभळ्या साडीचा रफू

गोरखपूर मोहल्ल्यात कुमुदच्या रफूवर लोकांचा इतका भरवसा, की कपडा परत नेताना कोणी उलगडूनही बघत नसे. सत्यवतीकाकूंनीही बघितलं नाही. काकू निवृत्त शिक्षिका, जवळच्याच मदन महल वस्तीत एकट्या राहायच्या. त्यांची मुलगी मेघना तीन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, आणि तिची जांभळी माहेश्वरी साडी उंदरांनी पदराशी कुरतडली होती.

अशा कामाला कुमुद साडीच्याच आत मुडपलेल्या भागातले धागे काढून वापरायची. पण भोक तळहाताएवढं. धागे पुरले नाहीत. उरलेलं तिने रिळातल्या धाग्याने भरलं. पूर्वी ती खिडकीशी बसून रंग जुळवायची. शेजारच्या घरावर तीन मजले चढले, खिडकीत नुसती भिंत उरली, आणि तेव्हापासून पिवळ्या बल्बखालीच सगळं चालायचं. त्या उजेडात जोड कुठे आहे ते तिला स्वतःलाही सापडेना.

आठवड्याने ती शिवलेली उशीची खोळ द्यायला काकूंकडे गेली. साडी बाल्कनीत उन्हाला घातली होती. पदरावर तपकिरी चट्टा उठून दिसत होता, चहा सांडून वाळल्यासारखा. काकू त्याविषयी अवाक्षर बोलल्या नाहीत. बिस्किटं पुढे केली, तब्येत विचारली. कुमुद खोळ ठेवून लगेच निघाली.

दुसऱ्या दिवशी ती जांभळी, तपकिरी, काळी आणि गडद निळी अशी चार रिळं घेऊन बाजारात दिव्यांच्या दुकानात गेली. दुकानदार वॉट सांगत सुटला, सफेद तो सफेद होता है दीदी, म्हणाला. "भैया, उजाला कितना है वो नहीं," ती म्हणाली, "रंग सही दिखता है क्या, वो देखना है." एक दिवा निळसर होता, त्यात जांभळं आणि निळं एकच वाटलं. दुसऱ्या-तिसऱ्यात सगळंच फिकट. चौथ्या दिव्याखाली चारही रिळं वेगळी झाली, दाराबाहेर उन्हात दिसली तश्शी. तोच तिने घेतला आणि हाताची सावली कामावर पडू नये म्हणून डाव्या बाजूला, जरा उंच बसवला.

मग ती साडी मागायला गेली.

"काकू, साडी द्या. मी पुन्हा करून देते."

"काहून?"

"रंग चुकला माझा."

"माहीत आहे. घरी आणली त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलल्या का नाहीत?"

काकूंनी कपाटातून साडी काढली. "तू आता उसवशील, तर बाजूचं कापड अजून विरेल. जेवढी उरली आहे तेवढी राहू दे, बाई."

कापड जुनं झालं होतं, काकूंचं म्हणणं खरंच होतं. काकूंनी साडी मांडीवर घेतली. पहिल्या नोकरीचा पगार झाला तेव्हा मेघना कशी तीन दुकानं फिरली आणि पुन्हा पहिल्याच दुकानात येऊन हीच घेतली, ते सांगत राहिल्या. सांगताना त्यांचा हात त्या चट्ट्यावरून फिरत होता. कुमुद मान खाली घालून ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात कोणाचा तरी साधा राखाडी कोट आला. कुमुदने नव्या दिव्याखाली धागा निवडला, नीट जुळला. तरी कोट आणि धागा घेऊन ती जिना चढून गच्चीवर गेली आणि उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.