बंड्याने न घेतलेला नेम

१२ जानेवारी २०२४. घरात जीव तीन: राजमती, तिचा नवरा भरतेश आणि म्हातारपणी भ्रमिष्ट झालेला कुत्रा बंड्या.

बंड्याला सांधेदुखीची गोळी झोपताना खाण्यातून द्या, असे सांगलीच्या डॉक्टरांनी बजावले होते. पण या जैन घरात सूर्यास्तानंतर कोणी खात नसल्याने बंड्याची गोळीही दिवसाउजेडीच उरकली जाई. पहाटे तिचा असर सरे आणि तो भिंतीला नाक लावून कण्हत उभा राही.

"रातच्याला भाकरी द्या की त्याला," राजमती चिडली.

"त्यो बी आपल्या घरातलाच हाय. नेम म्हंजे नेम."

"आवं, नेम तुमी घेतलाय. त्यानं कवा घेतला?"

अंधार पडल्यावर तिनेच दुधात भाकरी कुस्करून गोळी घातली. पहाटे बंड्या शांत झोपला होता. एवढे सोपे होते, याचाच तिला संताप आला. हिवाळा लागल्यापासून त्याने विनाकारण सोसलेल्या यातनेची भरपाई मात्र बाकीच राहिली.