आळीभरच्या साली आणि एक खारं शेत

फोन शेजारच्या नाईकांकडे आला. नाईककाकूंनी कुंपणावरून हाक मारली, "अगो, अलिबागच्या दवाखान्यातून फोन हाय. ये लवकर." मी दवाखान्यात न्यायच्या डब्यासाठी कणीक मळत होते, तशीच गेले. पलीकडून माझे यजमान एवढंच म्हणाले, "अक्का गेली. गाडीचं बघतो. पुढची खोली मोकळी कर." मी घरी येऊन हात धुतले, खोली मोकळी केली आणि मागच्या दारी गेले. तिथं सकाळच्या तीन बादल्या येऊन पडल्या होत्या... साली, शिळा भात, चहाचा चोथा. त्या आणून ठेवणाऱ्या आळीतल्या बायकांना अजून कळलं नव्हतं. मी त्या खड्ड्यात ओतल्या आणि वर माती ओढली. माणसं जमायला वेळ होता आणि माश्या तोवर थांबणार नव्हत्या.

अक्का म्हणजे इंदूवन्सं, माझ्या थोरल्या नणंद. कासूच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात दिलेल्या. मूलबाळ नाही. नवरा वारल्यावर त्या पेणला आमच्याकडे राहायला आल्या, पण त्यांचं लक्ष सगळं सासरच्या शेतावर. ते शेत त्यांचं आणि त्यांचे दीर पांडुरंगभाऊ यांचं सामायिक होतं. खाडीचा बांध फुटून मोठी खांड पडली होती आणि भरतीचं पाणी दोन पावसाळे त्या शेतात येत-जात राहिलं. गावानं खांड बुजवली तोवर जमीन मिठानं पांढरी पडली होती. त्यात डोलवीकडे कंपनीची कामं निघाली, पांडुरंगभाऊ कंत्राटावर शिफ्टला जाऊ लागले, आणि माल ठेवायला जागा शोधणारा एक माणूस शेत विकत मागू लागला. वन्संनी दिराला सांगितलं, "तीन पावसाळे थांब. भात काढून दाखवते. नाय आलं तर सांगशील तिथं सही करते."

जमीन फरशीसारखी टणक झाली होती. पावसानं मीठ धुऊन जायला ती आधी भुसभुशीत व्हायला हवी होती आणि त्याला खत हवं होतं. पेंढा नाही म्हणून गावानं गुरं विकलेली, म्हणजे शेणही नाही. तेव्हा वन्संनी एक जुनी हातगाडी आणली आणि आमच्या आळीत दारोदार जाऊन स्वयंपाकघरातला ओला कचरा मागायला सुरुवात केली. मी शिकवते त्या शाळेतही त्यांनी पिंप ठेवलं. मुलांच्या डब्यातलं उरलेलं आणि वसतिगृहाचा खरकटा भात रोज दुपारी त्या घेऊन जात. एकदा एका मुलीनं डब्याबरोबर प्लास्टिकची पिशवीही टाकली. वन्सं तिला म्हणाल्या, "ही पिशवी तुझ्या आयशीला भाजीत चिरून घालायला सांगू काय?" त्या वर्गातल्या पिशव्या तेव्हापासून बंद झाल्या.

आमच्या मागच्या अंगणात तीन खड्डे झाले. वास यायचा. नाही यायचा असं म्हणणं खोटं ठरेल. माझ्या यजमानांना त्या गाडीची लाज वाटायची. बहीण समोरून येताना दिसली की ते दुसऱ्या गल्लीनं वळत. वन्संना ते दिसत होतं. एकदा नाईककाकूंनी चारचौघींत विचारलं, "काय गो इंदू, पालिकेनं ठेवली काय तुला?" वन्सं बादली ओतता ओतता म्हणाल्या, "पालिकेनं ठेवली असती तर तुझ्या दारात कशाला आले असते?" पालिकेची गाडी आमच्या आळीत क्वचितच फिरकायची. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची बादली काठोकाठ भरलेली होती.

पहिल्या वर्षी रोपं जळाली. आमच्याकडे माशाची डोकी, काटे नारळाच्या बुंध्यात पुरतात आणि नारळ धरतो. त्यामुळे मासळीइतकं चांगलं खत नाही, असं सगळ्यांचंच ठाम मत. आळीतल्या बायकांनी कौतुकानं सुक्या मासळीचा चुरा दिला, खराब झालेली लोणची खारासकट दिली, आणि वन्संनी ते सगळं त्या खाऱ्या जमिनीत घातलं. लावणीनंतर रोपांची टोकं तांबडी पडली तेव्हा त्या बांधावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "मीठ काढायला निघाले गो मी, आनि सगल्या पेणचं मीठ आणून वतलं." हसल्या. घरी येऊन मात्र जेवल्या नाहीत. त्यानंतर खारवलेलं सगळं वेगळं ठेवायचं, असं त्यांनी घरोघर बजावलं. "आता कचऱ्यालाही पथ्य का?" नाईककाकूंनी विचारलं. पण बायकांनी ते पाळलं. माझ्यासकट.

दुसऱ्या वर्षी एका कोपऱ्यात भात पसवला, लोंब्या आल्या. यंदा वैशाखात टेम्पो करून तिन्ही खड्डे शेतावर नेले आणि श्रावणात निम्मं शेत हिरवं उभं होतं. पांडुरंगभाऊ येऊन बघून गेले. "कापणी होऊ दे, वयनी. मग बोलू," म्हणाले. त्या माणसाला इतपत नमलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग गणपती आले. पेणात निर्माल्याला काय तोटा! पोतीच्या पोती घरी आली. खड्ड्यात साली, खरकटं तुडवताना वन्सं रबरी बूट घालत, मी शाळेच्या माळ्याकडून आणून दिलेले. निर्माल्य ओतलं तेव्हा त्यांनी ते काढून ठेवले. मी म्हटलं, "पायात घाला काहीतरी."

"देवाच्या अंगावरची फुलं हायत. बुटानं तुडवू?"

त्या फुलांत कुणाच्या तरी आराशीतल्या माळेचा फुटका रंगीत बल्ब होता. टाचेत काच गेली. त्यांनी ती उपटली आणि वर हळद दाबली. मी इंजेक्शन घेऊन या म्हणून दोनदा सांगितलं. "मिठागरात कामाला जायचे नि पाय फुटायचे तेव्हा कोन सुई घेऊन आलावता?" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आठवडाभरानं सकाळी त्यांना बशीतला चहा ओढता येईना. जबडा उघडत नव्हता.

धनुर्वाताबद्दल मी लिहिणार नव्हते, पण लिहायला हवं. अंधाऱ्या खोलीत ठेवतात. भांडं पडलं, कुणी खोकलं, दार वाजलं की माणूस कमानीसारखं वाकतं, आणि शुद्ध पूर्ण जागेवर असते. वन्सं डोळ्यांनी मला काहीतरी विचारत होत्या. शेताचंच असणार. मी बोलले नाही, कारण आवाजानं झटका यायचा. पाच दिवस आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो...

तेरावं झालं. आळीत आता निर्माल्याची पोती दिसली की बायका चाचपून बघतात. बल्ब कुणाचा होता ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

दिवाळीच्या सुमाराला पांडुरंगभाऊंनी कापणी केली. निम्म्या शेतात भात झाला, चांगला भरलेला. त्याचं एक पोतं घेऊन ते आमच्याकडे आले. "वयनी बोलली तसं झालं," ते ओटीवर बसत म्हणाले. "पन फुडल्या साली कोन करील? तुमी कराल काय?" माझ्या यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मला शाळा आहे, घर आहे, आणि हातगाडी ओढत आळीतून फिरण्याची माझी तयारी नाही. मी म्हटलं, "नाही." पांडुरंगभाऊंनी पुढच्या आठवड्यात विक्रीच्या कागदावर सही केली.

मागच्या रविवारी आम्ही दोघं वन्संची घमेली आणि खोरं आणायला शेतावर गेलो. घेणाऱ्यानं मुरूम आणून बांधाशी ढीग घातला होता, पसरायचा बाकी होता. पांडुरंगभाऊ तिथंच होते. आम्ही अवजारं बांधत असताना ते कापलेल्या खुंटांमधून चालत गेले, उकिडवे बसले आणि थोडी माती उकरून जिभेला लावली. खाडीकाठच्या या खारेपाटातला माणूस जमिनीतलं मीठ असंच बघतो, जिभेला लावतो आणि लगेच थुंकतो.

आम्ही निघेपर्यंत ते तसेच बसून होते. थुंकले नाहीत.